सबकॉन्ट्रॅक्ट घेताय? भांडण मापावरून लागतं

जळगाव-धुळ्याकडे सेंट्रिंग, प्लास्टर, फरशीची कामं अजूनही बऱ्याचदा शब्दावर चालतात. ‘वर्क ऑर्डर पाठवतो’ म्हणता म्हणता दोन स्लॅब भरून होतात. नव्या माणसाला वाटतं, वाद दरावरून होईल. दर दोघांच्याही लक्षात असतो. अडतं ते मापावर.

प्लास्टरचंच घ्या. आयएस 1200 (बांधकामाच्या मापाचं भारतीय मानक) प्रमाणे 0.5 चौरस मीटरपर्यंतच्या खिडकी-झरोक्याची वजावट होत नाही. त्यापुढे 3 चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बाजूंना सारखं प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजावट. कडांचं वेगळं माप नाही. आता 1.2 बाय 1.2 मीटरच्या 40 खिडक्या आहेत आणि समोरच्याने दोन्ही बाजू वजा केल्या, तर 57.6 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 620 चौरस फूट, बिलातून गेले. ‘माप आयएस 1200 प्रमाणे’ ही एक ओळ वर्क ऑर्डरमध्ये टाकून घ्या. दुसरी रीत ठरली असेल तर तीही चालेल, पण लिहून.

झाकलं जाणारं काम त्याहून अवघड. काळ्या मातीत ड्रॉइंगपेक्षा खोल जाऊन मुरूम लागला, की साइटवरून आवाज येतो, ‘भाऊ, करून टाका, बिलात धरू.’ पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट) पडली की ती खोदाई कुणालाच दिसत नाही. टेप लावून फोटो काढा, मापाच्या कागदावर इंजिनिअरची सही घ्या. सही मिळत नसेल तर त्याच दिवशी व्हॉट्सॲप करा: ‘आपण आज सांगितल्याप्रमाणे सी-4 खड्डा 60 सेंमी जादा खोदला, दर अमुक.’ तो फोन मोडीत देऊ नका. पुढे कोर्टात चॅट दाखवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आपल्याकडचा उन्हाळा हाही वादाचा धनी. कोरड्या, कडक हवेत काँक्रीटला किमान 10 दिवस पाणी मारायला आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) सांगतं. पाणी कुणाचं, मारणार कोण, हे लिहिलेलं नसेल तर तड्यांची रक्कम तुमच्या रिटेन्शनमधून, म्हणजे बिलातून राखून ठेवलेल्या रकमेतून, कापली जाते.

पैसे अडकले तर नुसते फोन करत बसू नका. पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल, तर काम झाल्यापासून 3 वर्षांत दावा लावावा लागतो. ती मुदत संपण्याआधी समोरच्याने सहीनिशी बाकी कबूल केली, तर मुदत नव्याने मोजतात. म्हणून दरवर्षी खातेउतारा सहीला पाठवा. करारात लवादाचं (कोर्टाऐवजी लवादाकडून निवाडा घेण्याचं) कलम आहे का, तेही आधी बघा. 3 लाख किंवा जास्त रकमेचा बांधकामाचा दावा व्यावसायिक न्यायालयात जातो आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे.

तुमच्यावरच तसा दावा लागला, तर समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायची. कोर्ट फार तर 120 दिवसांपर्यंत थांबतं. नंतर वकील कितीही मोठा असो, ती दाखल होत नाही.