ओझूचे पिक्चर बघायचेत? मग या क्रमाने बघा

जपानी डायरेक्टर यासुजिरो ओझू म्हटलं की सगळे थेट १९५३ चा 'टोकियो स्टोरी' लावायला सांगतात, माझं मत वेगळंय, आधी १९५९ चा 'गुड मॉर्निंग' लावा. दोन पोरं घरात टीव्ही हवा म्हणून हट्ट करतात, बाप ओरडतो गप्प बसा, तर ती खरंच बोलणं बंद करतात, शाळेतसुद्धा! हसता हसता ओझूची स्टाईल डोळ्यात बसते.

मग १९४९ चा 'लेट स्प्रिंग', बाप आणि लग्नाची मुलगी, भूमिकांत चिशू र्‍यू आणि सेत्सुको हारा. आणि त्यानंतर 'टोकियो स्टोरी', ओनोमिची गावाहून म्हातारे आईबाप टोकियोला येतात, पोरांना वेळ नाही म्हणून त्यांना अतामीला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, पाठवून देतात, तिथे रात्रभर गोंगाट, झोप कुठली, आणि जीव लावते ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको. रुमाल जवळ ठेवा.

बघताना कॅमेरा बघा, चटईवर बसलेल्या माणसापेक्षाही खाली असतो आणि फारसा हलत नाही. मधेच रिकामी खोली, वाळत घातलेले कपडे दिसतील, तेव्हा फॉरवर्ड करू नका प्लीज.

माणूस १९२३ मध्ये शोचिकू स्टुडिओत कॅमेरा असिस्टंट म्हणून लागला, १९२७ ला डायरेक्टर झाला, बोलपट मात्र थेट १९३६ ला आणि रंगीत १९५८ ला, म्हणजे घाई कशाचीच नाही. १२ डिसेंबर १९६३ ला, साठाव्या वाढदिवशीच गेला. मूकपटांपैकी १९३२ चा 'आय वॉज बॉर्न, बट...' शेवटी बघितला तरी चालेल, पण सोडू नका.