सप्लायचा रिपल लोड लावूनच मोजा

हॅम रेडिओवर ट्रान्समिट केलं की समोरचा म्हणतो "ओएम (मित्रा), आवाजामागे घरघर येतेय". लगेच रेडिओ उघडायला बसू नका. आधी तोच रेडिओ 12 व्होल्टच्या बॅटरीवर लावा, पॉवर कमी ठेवून बोलून बघा, घरघर गेली तर चोर सप्लायमध्येच आहे: डीसीवर उरलेली एसीची लाट, म्हणजेच रिपल. (मी ट्रान्सफॉर्मरवाल्या 13.8 व्होल्ट सप्लायबद्दल बोलतोय, एसएमपीएसचा, म्हणजे स्विचिंग सप्लायचा, कचरा साध्या मीटरला दिसतच नाही.)

आता रेडिओ काढून ठेवा आणि लोड म्हणून गाडीचा 55 वॅटचा हेडलाइट बल्ब जोडा, तो 5 अँपिअरच्या आसपास ओढतो, कारण रिकामा मोजला तर कुठलाही सप्लाय सज्जनच दिसतो. थंड बल्ब सुरुवातीला जास्त करंट खातो त्यामुळे सप्लायचं जास्त करंटपासूनचं प्रोटेक्शन लागू शकतं, तसं झालं तर 21 वॅटचा इंडिकेटर बल्ब लावा. बल्ब फरशीवर ठेवा, जाम तापतो.

मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून सप्लायच्या आउटपुटला लावा. स्वस्तातल्या मीटरची एसीची खालची रेंजच 200 व्होल्ट असते, त्यावर काही कळणार नाही. काही मीटर डीसीलाच एसी समजून भलता आकडा दाखवतात, म्हणून प्रोबला सिरीजमध्ये 1 मायक्रोफॅरडचा साधा कॅपॅसिटर घाला, इलेक्ट्रोलिटिक नको. 5-10 मिलिव्होल्ट आले तर मी सोडून देतो, 100 च्या घरात असेल तर खोलायचा.

स्कोप (लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) असेल तर मजा आहे. एसी कपलिंग (डीसी अडवून फक्त लाट दाखवतं), 2 मिलिसेकंदला एक घर, क्लिप आउटपुटच्या निगेटिव्हला, मेन्सच्या बाजूला चुकूनही नाही. आपली लाईट 50 हर्ट्झ, म्हणजे ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) ठीक असेल तर दर 10 मिलिसेकंदाला एक उंचवटा दिसतो. 20 ला एक दिसला तर ब्रिजमधला डायोड ओपन झालाय. 10 लाच आहे पण मोठा आहे, तर बहुतेक मेन कॅपॅसिटर (ब्रिजनंतरचा मोठा) सुकलाय.

पण प्रोब मेन कॅपॅसिटरवर लावून 4-5 व्होल्टचा रिपल बघून दचकू नका हं, 10,000 मायक्रोफॅरडवर 5 अँपिअरला तेवढा येतोच, तो खायला तर पुढे आउटपुट 13.8 वर धरणारा रेग्युलेटर आहे. फक्त त्या लाटेचा तळ 13.8 च्या वर अडीच-तीन व्होल्ट राहायला हवा, नाहीतर आउटपुटवर खाली दात निघतात. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की हेच होतं, म्हणून दुपारी ठणठणीत वाटलेला सप्लाय रात्री परत मोजा.

कॅपॅसिटर बदलायचा असेल तर प्लग काढून त्याच्या टोकांवर 100 ओहम 5 वॅटचा रेझिस्टर धरून रिकामा करा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला.