सेंट एल्मोची खाणगावं बघायला जाताय? या चुका टाळा

आम्ही अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळ राहतो, आणि आई-बाबा, सासू-सासरे, मित्रमंडळी, भारतातून कोणीही आलं की एक दिवस चॉक क्रीक कॅन्यनसाठी ठेवलेलाच असतो. सेंट एल्मो, रॉमली, हॅनकॉक अशी गावं या एकाच दरीत एकामागून एक लागतात, 1880 च्या सुमारास सोन्या-चांदीच्या खाणींसाठी वसलेली आणि खाणी बंद पडल्यावर ओस पडलेली. माझी फार लाडकी जागा आहे ही, त्यामुळे तिथे कोणी आजारी पडलेलं किंवा पाटी न वाचता कोणाच्या घरात शिरलेलं बघितलं की खरंच वाईट वाटतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

उंचीचा विचारच न करणं

डेन्व्हर मुळात 5,280 फुटांवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर. सेंट एल्मो 9,961 फुटांवर आणि हॅनकॉक तर 11,000 च्या वर, दोन कळसूबाई एकीवर एक ठेवल्या तर जेवढं होईल तेवढं. गाडी थेट तिथपर्यंत जाते म्हणून आपल्याला चढल्यासारखं वाटत नाही, पण शरीराला ते कळतंच. माझे बाबा शुक्रवारी उतरले आणि रविवारी आम्ही त्यांना वर नेलं. तासाभरात डोकं दुखायला लागलं, मळमळ सुरू झाली, आम्हाला वाटलं प्रवासाची ॲसिडिटी असेल म्हणून गोळी दिली, थर्मासमधला चहा दिला आणि सावलीत बसवून ठेवलं. तो तास फुकट गेला. खाली ब्युना व्हिस्टा गावाला आल्यावर बघता बघता चेहरा बदलला त्यांचा.

तर डोकेदुखी, मळमळ, चालताना तोल जाणं यातलं काहीही दिसलं की वर थांबून उपाय करत बसू नका, गाडी वळवा आणि खाली या, उतरणं हाच उपाय आहे. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा माणूस गोंधळल्यासारखं बोलत असेल तर थेट हॉस्पिटल. आता आम्ही पाहुण्यांना निदान एक रात्र ब्युना व्हिस्टाला ठेवतो, ते साधारण 8,000 फुटांवर आहे, आणि मगच वर नेतो. बीपी किंवा हार्टचं औषध चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

जीपीएसवर डोळे झाकून विश्वास

नेथ्रॉपहून काउंटी रोड 162 धरायचा, बस. सुरुवातीला डांबरी, मग कच्चा, पण कोरड्या दिवसात साधी कार सेंट एल्मोपर्यंत आरामात जाते. पलीकडच्या टेलर पार्कच्या बाजूने येत असाल तर मात्र मॅप टिनकप पासवरून शॉर्टकट दाखवू शकतो, आणि तो 12,000 फुटांवरचा दगडधोंड्यांचा फोर बाय फोर रस्ता आहे, भाड्याच्या सेडानचं तिथे काम नाही. हॅनकॉकचा रस्ताही जुन्या रेल्वेच्या मार्गावरूनच जातो पण खडबडीत आहे, त्यासाठी उंच गाडी हवी. गाडी भाड्याची असेल तर कच्च्या रस्त्याबद्दल करारात काय लिहिलंय ते आधी वाचा, बऱ्याचदा परवानगी नसते. पेट्रोल ब्युना व्हिस्टा किंवा सॅलाइडाला भरून घ्या, वरती मिळत नाही. फोनला रेंजही नसते, त्यामुळे मॅप डाउनलोड करा आणि किती वाजेपर्यंत परत येणार ते कोणाला तरी सांगून ठेवा.

घोस्ट टाउन म्हणजे भुताचं गाव, किंवा बेवारस गाव

दोन्ही नाही. घोस्ट टाउन म्हणजे आपल्या भाषेत ओस पडलेलं गाव. सेंट एल्मो भरभराटीच्या काळात सुमारे 2,000 वस्तीचं होतं, 1890 च्या आगीत बाजारपेठ जळाली, पुढे 1922 मध्ये रेल्वे बंद झाली. शेवटच्या गाडीत बसून सगळं गाव निघून गेलं अशी एक गोष्ट सांगतात, पण स्टार्क कुटुंब तिथेच राहिलं. ॲनाबेल स्टार्क आणि तिच्या भावाने दुकान चालवलं, पर्यटकांना खोल्या दिल्या, आणि पोस्ट ऑफिस तर 1952 पर्यंत चालू होतं. हीच ॲनाबेल आता लोकांच्या भुताच्या रील्समध्ये असते, ते मला अजिबात आवडत नाही. हिवाळ्यात बर्फाने वेढलेल्या गावात पाय रोवून राहिलेली बाई होती ती, तिची आठवण तशीच राहायला हवी.

आणि आजही तिथल्या घरांना मालक आहेत. कोकणात एखादं घर कुलूप लावून बंद असतं, मालक मुंबईला असतो, म्हणून आपण खिडकीतून आत उडी मारतो का? तसंच आहे हे. रस्त्यावरून बघा, फोटो काढा, पण पडवीत चढू नका, दार ढकलू नका. फळ्या कुजलेल्या आहेत, पायात गंजका खिळा गेला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लांब यावं लागेल. सिगारेट तर पेटवूच नका, 2002 च्या आगीत टाउन हॉल आणि शेजारच्या इमारती गेल्या, टाउन हॉल नंतर पुन्हा बांधला म्हणून दिसतो तरी.

आठवण म्हणून खिळा, बाटली, पत्र्याचा डबा उचलणं हीपण चूकच. सरकारी जंगलाच्या जमिनीवरची 100 वर्षांहून जुनी वस्तू उचलणं 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे.

खाणीच्या तोंडाशी जाणं

यावर मी जास्त बोलणार आहे कारण इथे चूक झाली तर दुरुस्त करता येत नाही. कोलोरॅडोत सुमारे 23,000 सोडून दिलेल्या खाणी आहेत, आणि या दरीतली सगळ्यात मोठी होती मेरी मर्फी, रॉमलीच्या वरच्या डोंगरात. चालताना पिवळट दगडमातीचे ढीग दिसले की समजायचं जवळ कुठेतरी बोगदा आहे. बाहेरून तो गुहेसारखा दिसतो, थंड हवा येते, पोरांना लगेच आत जावंसं वाटतं. पण आत टेकू दिलेली लाकडं शंभर-सव्वाशे वर्षांची आहेत, आडव्या बोगद्यात मध्येच उभी विहीर असते आणि तिच्यावर कुजक्या फळ्या टाकलेल्या असतात, वरून धूळ बसली की जमीनच वाटते. हवेत ऑक्सिजन कमी असू शकतो आणि नाकाला काहीच कळत नाही, माणूस सरळ खाली कोसळतो. आणि त्याला काढायला आत गेलेला दुसराही तसाच पडतो.

म्हणून कोणी आत गेलं आणि हाकेला ओ देत नसेल तर मागोमाग आत धावू नका. एकाने तोंडाबाहेर लांब थांबायचं, दुसऱ्याने गाडी घेऊन रेंज मिळेपर्यंत खाली जाऊन 911 ला फोन करायचा. चेंडू, टोपी, ड्रोन आत गेला तर गेला. लाकडी खोक्यात जुन्या कांड्या दिसल्या तर हात न लावता मागे फिरा, जुना डायनामाइट नुसत्या धक्क्यानेही फुटू शकतो.

खाणीतून वाहणाऱ्या पाण्याने बाटली भरू नका. त्यात झिंक, कॅडमियमसारखे धातू उतरलेले असतात, ट्रेकिंगचा साधा फिल्टर ते काढत नाही आणि उकळूनही जात नाहीत.

दुपारी पोचणं

डेन्व्हरहून तीन तास लागतात, त्यात आपण पोहे खाऊन दहाला निघतो आणि दीडला वर पोचतो, नेमकं वीज पडायच्या वेळेला. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग भरून येतात, तिकडेही त्याला मान्सूनच म्हणतात. हॅनकॉकहून अल्पाइन टनेल या जुन्या रेल्वे बोगद्याच्या पूर्वेकडच्या तोंडापर्यंत अडीच-तीन मैल चालत जाता येतं, चढ रेल्वेचा असल्यामुळे सौम्य आहे, पण वर झाडं संपत जातात आणि आडोसा राहत नाही. (1,772 फुटांचा हा बोगदा 1910 पासून बंद आहे आणि तोंड ढासळलेलं आहे, आत काही बघायला मिळेल या अपेक्षेने जाऊ नका, वाट मात्र सुंदर आहे.) गडगडाट ऐकू आला की फोटो सोडा आणि गाडीत येऊन बसा, जुन्या लाकडी शेडमध्ये नाही.

पावसात खालचा रस्ताही सांभाळा. वाटेत माउंट प्रिन्स्टन डोंगराचे पांढरे कडे दिसतात, ते खडूचे म्हणजे चॉकचे वाटतात पण नाहीतच, गरम पाण्याच्या झऱ्यांनी आतून कुजवलेला खडक आहे तो, जोरात पाऊस झाला की चिखल-दगडांचा लोंढा खाली येतो. 2013 मध्ये जवळच्याच ॲग्नेस वेल धबधब्याच्या वाटेवर दरड कोसळून एकाच घरातले 5 जण गेले. कड्याखाली गाडी लावून डबा खायला बसू नका, आणि रस्त्यावर लोंढा दिसला तर तो ओलांडायला जाऊ नका, मागेच उंचावर थांबा.

आमचं आता ठरलेलं आहे, ब्युना व्हिस्टाहून सकाळी सातला निघायचं, आधी वर हॅनकॉक, मग परत येताना सेंट एल्मोचा एकच रस्ता सावकाश चालायचा. मुलं चिपमंकच्या मागे असतात, आपल्या खारीसारखेच दिसतात ते, फक्त त्यांना चिवडा-वेफर्स देऊ नका आणि हातावर घेऊ नका, चावतात. बारा-साडेबाराला खाली माउंट प्रिन्स्टनच्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी पोचतो.