बाभळीच्या काट्यांवर उपाय: ट्यूबलेस (माझा अनुभव)

नाशिकच्या गंगापूर धरणामागून दिंडोरीकडे जाणाऱ्या द्राक्षबागांमधल्या मुरमाड वाटा माउंटन बाइकसाठी सुरेख आहेत. त्रास एकच, बाभळीचे काटे. बांधावरच्या फांद्या तोडल्या की काटे वाटेवरच पडतात आणि ट्यूबमध्ये आरपार घुसतात. पॅच लावून लावून ट्यूबची चाळण झाली होती.

शेवटी दोन्ही चाकं ट्यूबलेस केली, म्हणजे आत ट्यूब न ठेवता टायरच रिमवर हवाबंद बसवला. रिम आणि टायर दोन्ही 'ट्यूबलेस रेडी' असणं आवश्यक, ते आधी बघा. रिम स्पिरिटने पुसून टेप ताणून चिकटवली, व्हॉल्व्ह बसवला, २९ इंची टायरमध्ये साधारण १०० मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव) ओतलं. खरी अडचण पुढे आली. हातपंपाने टायर रिमच्या कडेवर बसेना. मग व्हॉल्व्हचा कोर (आतला सुटा भाग) काढला, टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावलं आणि पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने हवा मारली. फटफट आवाज करत टायर बसला! आपला व्हॉल्व्ह प्रेस्टा (सायकलचा बारीक व्हॉल्व्ह) असेल तर पितळी अडॅप्टर सोबत न्या, नाहीतर कॉम्प्रेसरचा पाइप लागत नाही.

आता काटा निघाला की भोक खाली येईल असं चाक फिरवून थांबतो. सीलंट ते बुजवतं. शिवाय हवेचा दाब कमी, २५ पीएसआयच्या आसपास ठेवता येतो, त्यामुळे चढावर सुट्या मुरमातही पकड मिळते. नाशिकच्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, म्हणून दर दोन महिन्यांनी तपासतो. दगडाने टायरची बाजू फाटली तर मात्र सीलंट पुरत नाही, तेवढ्यासाठी एक ट्यूब पिशवीत असतेच.