पोरगा डिफेन्स खेळतो? मग घाई सोडा

टोरंटोच्या आसपास आता बऱ्याच मराठी घरांतली पोरं आइस हॉकी खेळायला लागलीत, आणि माझा मुलगा बऱ्यापैकी वरच्या लेव्हलला डिफेन्स खेळतो हे कळलं की नवीन आईबाप विचारतात, पुढे काय, एनएचएलचं (म्हणजे इथली सगळ्यात मोठी प्रो हॉकी लीग) काही जमेल का. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी मूळचा पुण्याचा, स्केट्स पायात घातले तेच तिशीनंतर, त्यामुळे हे सगळं रिंकच्या बाकावर कुडकुडत बसलेल्या बापाचं ज्ञान समजा.

कोचने पोराला मागे खेळायला सांगितलं की आपल्याकडे पहिली रिअ‍ॅक्शन म्हणजे "गोल करायला का नाही देत?" अहो, डावललेलं नसतं ते. मॅचला साधारण १२ फॉरवर्ड आणि ६ डी उतरतात (इकडे डिफेन्समनला सगळे नुसतं डीच म्हणतात), फॉरवर्डच्या तीन-तीनच्या चार फळ्या आणि त्या सहाच्या तीनच जोड्या आळीपाळीने खेळतात, म्हणजे हिशोब सरळ आहे, डीला बर्फावर जास्त वेळ मिळतो. एनएचएलमधले पहिल्या जोडीचे डी ६० मिनिटांच्या मॅचमध्ये २५ मिनिटांपर्यंत खेळतात, तेही पाऊण-एक मिनिटाच्या शिफ्टमध्ये, जीव तोडून पळायचं आणि बाहेर यायचं. नाव मात्र होत नाही. विकेटकीपरसारखं आहे ते, दिवसभर नीट पकडलं तर कुणाचं लक्ष नसतं, एक सुटला की सगळ्या गावाला दिसतो.

आता स्काउट, म्हणजे टीमसाठी पोरं हेरणारे लोक, बघतात काय? मला वाटायचं जोरदार शॉट आणि धडका. धडका असतातच, साधारण तेराव्या वर्षापासून बॉडी चेकिंग सुरू होतं आणि तेव्हा बरीच पोरं गळतात. पण जाणकार लोक बघतात ती गोष्ट फार बारीक आहे. समोरची टीम पक (हॉकीची रबरी चकती) कोपऱ्यात फेकते, डी वळून तो आणायला मागे जातो, आणि पकला काठी लागायच्या आधी त्याने मान वळवून खांद्यावरून मागे बघितलं का, एकदा नाही, दोनदा. अंगावर कोण येतोय, कुठल्या बाजूने, आपला पार्टनर कुठे उभा आहे, हे त्या दोन नजरांत कळलं तर पहिला पास सुटतो आणि टीम सुटते. नाही बघितलं की पोरगा काचेला चिकटतो. मुलाच्या कोचने यासाठी एक ड्रिल लावलं होतं, तो मागून बोटं वर करायचा आणि पोराने पकला हात घालायच्या आधी आकडा ओरडायचा, चुकला की परत. बघायला कंटाळवाणं, पण मला विचाराल तर महागड्या शूटिंग कॅम्पपेक्षा याचाच फायदा झाला.

दुसरं म्हणजे गॅप. फॉरवर्ड पक घेऊन अंगावर येतो तेव्हा डी उलटा स्केट करत असतो आणि दोघांतलं अंतर राखायचं असतं, फार सोडलं तर तो ब्लू लाइन (आपल्या भागाची हद्द) फुकटात ओलांडतो, फार जवळ गेलं तर बगलेतून निघून जातो. हे अंतर डोक्याने मोजायचं नसतं, पायाने मोजायचं असतं, आणि ते यायला वर्षं लागतात. म्हणूनच डी उशिरा पिकतात असं इथले जुने लोक म्हणतात, आणि करिअरचं सगळं गणित याच्यावर आहे.

कारण सिस्टिम मात्र लवकर निवड करते. ओन्टारियोत ओएचएलचा (म्हणजे इथल्या मेजर ज्युनिअर, सगळ्यात वरच्या ज्युनिअर लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे टीम आळीपाळीने पोरं निवडतात ते, १५-१६ व्या वर्षी, एनएचएलचा साधारण १८ व्या वर्षी, ३२ टीम आणि ७ राउंड. १५ व्या वर्षी ज्याची उंची वाढली तो डी चांगला दिसतो, ज्याची वाढायची आहे तो बिचारा वाईट. इथे हिरमोड करून घेऊ नका. मार्क जिओर्दानो टोरंटोचाच पोरगा, त्याला एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही, २००४ मध्ये कॅल्गरीच्या एनएचएल टीमने साइन केलं, मग एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये, एएचएलमध्ये घासला, मध्ये २००७-०८ चा सीझन मॉस्कोला डायनामोकडून खेळून आला, परत येऊन कॅल्गरीचा कॅप्टन झाला आणि २०१९ मध्ये ३५ व्या वर्षी नॉरिस ट्रॉफी, म्हणजे लीगमधला सगळ्यात भारी डी. आणि गंमत बघा, त्याच २०१९ च्या प्लेऑफमध्ये कॅल्गरीसमोर कोलोराडोकडून एक नवा पोरगा उतरला, केल मकार. २०१७ ला चौथ्या नंबरवर ड्राफ्ट झालेला, तरी लगेच प्रो न होता दोन वर्षं मॅसॅच्युसेट्सच्या युनिव्हर्सिटीत खेळला, कॉलेजची फायनल हरला, दोनच दिवसांत एनएचएलमध्ये पहिली मॅच आणि त्यात गोल. तोही आधी अल्बर्टाच्या ज्युनिअर ए मध्ये (मेजर ज्युनिअरच्या खालची पायरी) खेळला होता, ओएचएलसारख्या मेजर ज्युनिअरमध्ये गेला असता तर तेव्हाच्या नियमाने कॉलेजचं दार बंद झालं असतं.

तो नियम आता बदललाय, हे नवीन पालकांनी नीट लक्षात घ्या कारण जुने पालक अजून जुनंच सांगतात. ऑगस्ट २०२५ पासून मेजर ज्युनिअर खेळलेली पोरंसुद्धा अमेरिकन कॉलेज हॉकी खेळू शकतात. म्हणजे १६ व्या वर्षी आयुष्याचा निर्णय घ्यायचं टेन्शन कमी झालं, पण कॉलेजच्या जागांसाठी गर्दी वाढली. ओएचएलमध्ये सीझनला ६८ मॅचेस, बसचे लांब प्रवास, पोरगा दुसऱ्याच्या घरी बिलेट म्हणून राहणार, आणि त्यात बारावीचा अभ्यास. आईला हे पचवायला वेळ लागतो, आमच्याकडे तर मलाच लागला. खेळलेल्या सीझनच्या हिशोबाने शिक्षणाचे पैसे मिळतात, पण अटी वाचा, प्रो कॉन्ट्रॅक्ट केलं तर त्यातलं काय राहतं ते सही करायच्या आधी विचारा.

पैशाचं सांगतो कारण विचारायचं सगळ्यांनाच असतं. २०२५-२६ ला एनएचएलचा किमान पगार ७,७५,००० अमेरिकन डॉलर होता, ऐकायला स्वप्नवत, पण सुरुवातीला बहुतेकांचं कॉन्ट्रॅक्ट टू-वे असतं, म्हणजे वरच्या टीमबरोबर असाल तेवढ्या दिवसांचा तो दर आणि खाली एएचएलला पाठवलं की फार कमी. सातवा-आठवा डी असाल तर कुणाला दुखापत झाली की फोन येतो, तो बरा झाला की बॅग भरा. त्याच्या खाली ईसीएचएल ही अजून एक लीग, नाहीतर युरोप. जर्मनी, स्वीडन, फिनलंडमध्ये बरेच जण वर्षानुवर्षं व्यवस्थित खेळून पोट भरतात, आपल्याकडे त्याला कुणी करिअर म्हणत नाही एवढंच.

आपल्या रंगाचे लोक एनएचएलमध्ये आहेत का, हाही प्रश्न येतो. रॉबिन बावा १९८९ मध्ये पोचला, नंतर मॅनी मल्होत्रा, जुझार खैरा, पण हे सगळे फॉरवर्ड.

आणि घरात पोरगा अजून पाच-सहा वर्षांचा असेल तर एक फुकटचा सल्ला. कॅनडात बहुतेक उजखोरी पोरंसुद्धा काठी डाव्या बाजूला धरतात, त्यामुळे राइट शॉट, म्हणजे काठी उजव्या बाजूला धरणारे डी कमी, आणि प्रत्येक कोचला उजव्या बाजूला तोच हवा असतो. जबरदस्ती करू नका, पण दुकानात गेल्यावर सेल्समन लेफ्टची काठी सवयीने पुढे करतो तेव्हा राइटची पण मागा, दोन्ही पोराच्या हातात द्या आणि तो कुठली उचलतो ते बघून मगच पैसे द्या.