नोकरी करता करता इंटरव्ह्यूला जाताना

अकाउंट्समध्ये मला चौदा वर्षं झाली. राहायला डोंबिवलीला, नोकऱ्या कधी विक्रोळीला, कधी ठाण्याला. तीनदा नोकरी बदलली आणि त्यासाठी मोजून अकरा इंटरव्ह्यू दिले, सगळेच्या सगळे हातात नोकरी असताना. राजीनामा देऊन निवांत शोधू म्हणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. आमच्या फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला कापला जातो. भाची परवा विचारत होती, “मावशी, सुट्टी मागताना सांगायचं तरी काय?” तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर.

कारणाच्या आधी तारीख बघा. आमच्या खात्याचा महिना असा जातो: ७ ला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), १५ ला पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा), २० ला ३बी (महिन्याचा जीएसटी भरण्याचं विवरणपत्र), आणि महिनाअखेरीला पगार. यातल्या एखाद्या तारखेला सुट्टी मागितली की कारण कितीही सच्चं असो, साहेबांच्या कपाळाला आठी पडतेच. म्हणून मी १२ ते १४ नाहीतर २१ ते २५ यातलाच दिवस धरते. एकदा समोरच्या एचआरनं १९ तारीख दिली. मी म्हटलं, “२० ला ३बी आहे, २१ ला येते.” ती लगेच हो म्हणाली. अकाउंट्सला माणूस घेणाऱ्या कंपनीला एवढं कळायलाच हवं. तुमचं खातं दुसरं असेल तर तुमचे अडचणीचे दिवस तुम्हाला माहीत असतीलच. स्टोअर्सवाल्यानं स्टॉक मोजणीच्या आठवड्यात सुट्टी मागू नये, एवढंच.

मग कोणती सुट्टी टाकायची? सी.एल., म्हणजे किरकोळ रजा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानं, वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही अट दहाची होती) वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी मिळतात. त्या दर तिमाहीला खात्यात जमा होतात आणि वर्षअखेरीला उरल्या तर बुडतात. (मॅनेजर वगैरे पदांना हा कायदा लागू नाही, त्यांनी आपलं नेमणूकपत्र बघावं.) अर्जित रजेचं तसं नाही, ती ४५ दिवसांपर्यंत साठते. म्हणजे बुडणारी आधी वापरायची, साठणारी राखायची. माझी एक मैत्रीण ऑगस्टपर्यंत सगळ्या सी.एल. माहेरच्या लग्नांत उडवून बसली आणि नोव्हेंबरात चांगला कॉल आला तेव्हा बिनपगारी जावं लागलं.

आजारपण सांगू नका. ताप आला म्हटलं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी प्रेमानं विचारतं, कोणत्या डॉक्टरकडे गेलीस, आता बरं आहे का, आणि तुम्ही पहिल्या थापेला टेकू द्यायला दुसरी शोधत बसता. नातेवाईकही मारू नका. आमच्या जुन्या ऑफिसात एकाचे आजोबा दोन वर्षांत तीनदा वारले, तिसऱ्या वेळी रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, “हे कोणाकडचे?”

माझी पद्धत अशी: सुट्टीच्या दिवशी एक खरं काम ठेवायचं. बँकेचं लॉकर, सोसायटीचा कागद, मुलाचं आधार. मुलं पाच वर्षांची आणि पंधरा वर्षांची झाली की बायोमेट्रिक नव्यानं द्यावं लागतं, आणि माझ्या मुलाच्या पंधराव्या वर्षाचं ते काम माझ्या दोन इंटरव्ह्यूंना पुरलं, कारण पहिल्या दिवशी सर्व्हर बंद होता. सकाळी साडेनऊला रांगेत, साडेबाराला ठाण्याच्या गाडीत, दोनला इंटरव्ह्यू. “घरचं काम आहे” हे सांगताना जीभ अडखळत नाही, कारण ते असतंच. त्याच्या पुढे एक शब्द बोलायचा नाही. खोटं बोलणारा माणूस ओळखू येतो तो तपशिलामुळे. कोणी विचारलेलं नसताना तो रिक्षाचं भाडंसुद्धा सांगतो.

मेसेज आदल्या आठवड्यात टाकायचा, आणि परवानगीच्या वाक्याच्या मागे कामाची सोय लावायची. माझा साधारण असा असतो: “सर, बुधवारी १४ तारखेला घरच्या कामासाठी सी.एल. घेते आहे. पीएफचं चलन मंगळवारीच तयार करून ठेवते, गुरुवारी सकाळी तुम्ही बघितलं की भरून टाकू.” यात “घेऊ का?” नाही आणि उद्धटपणाही नाही. साहेबांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो चलनाचा, आणि त्याचं उत्तर तिथेच असतं.

ही सोय लावण्यात मी एकदा मोठी चूक केली. वागळे इस्टेटमधली एक कंपनी, समोर दोघं बसलेले, मी खातं जुळवताना फरक कसा शोधते ते रंगात येऊन सांगत होते. पर्समध्ये फोन थरथरला. थांबला. परत थरथरला. टेबल लाकडी होतं आणि पर्स त्याला टेकलेली, त्यामुळे सगळं टेबलच गुरगुरायला लागलं. चौथ्यांदा मी कानकोंडी होऊन फोन बाहेर काढला. आमच्या कंपनीच्या नेट बँकिंगला नंबर माझा होता आणि तिकडे एका सप्लायरचं पेमेंट माझ्या ओटीपीसाठी अडून बसलं होतं. समोरच्या दोघांमधले वयस्कर गृहस्थ म्हणाले, “ओटीपी का? देऊन या.” मी पॅसेजमध्ये जाऊन, पाण्याच्या कूलरला टेकून, सहा आकडे हळू आवाजात सांगितले आणि परत येऊन बसले. ते हसले, पण विषयाचा धागा तुटला तो तुटलाच, आणि ती नोकरी मिळाली नाही. तेव्हापासून सुट्टीच्या दोन दिवस आधी मी एका कागदावर लिहून काढते, त्या दिवशी माझ्यावाचून काय काय अडेल: ओटीपी, टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) पासवर्ड, कपाटाची किल्ली, चेकवर सही कोणाची. पेमेंट आदल्या संध्याकाळी सोडते. कागद शेजारच्या टेबलावर देते. फोन बंद करत नाही, सायलेंट करून पर्स जमिनीवर ठेवते.

फोनवरच्या फेरीला सुट्टी लागत नाही, जागा लागते. कॅन्टीन नको, जिना नको (जिन्यात आवाज तीन मजले जातो), गच्चीवर वारा. मला सापडलेली सगळ्यात शांत जागा म्हणजे ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून असलेलं एटीएम. एसी चालू, दार बंद, रस्त्याचा आवाज नाही. बारा मिनिटं छान गेली. तेराव्या मिनिटाला काचेवर टकटक. बाहेर एक काका कार्ड हातात धरून उभे. मी हातानं “एकच मिनिट” खुणावलं आणि फोनवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट समजावत राहिले. काकांना वाटलं मशीन पैसे गिळून बसलंय. त्यांनी वॉचमनला बोलावलं. जागा चांगलीच आहे, पण पगाराच्या दिवसात जाऊ नका. आता मी एचआरला वेळ देतानाच “दुपारी सव्वा ते पावणेदोन” असं बांधून देते आणि स्टेशनजवळच्या ओळखीच्या झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत बसते.

झेरॉक्सवरून आठवलं: ऑफिसच्या प्रिंटरवर बायोडेटा काढू नका. मी काढला होता. प्रिंटरमध्ये कागद अडकला, सहा वाजून गेले होते, मी कंटाळून निघून गेले. सकाळी शिपायानं कागद सोडवला आणि अडकलेलं सगळं आपोआप बाहेर आलं. साहेबांच्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यात तिसरं पान माझं होतं, वर माझं नाव ठळक अक्षरात. साहेबांनी ते उलटं करून माझ्या टेबलावर ठेवलं आणि आठ महिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, जे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल, ऑफिसचं वायफाय, सगळ्यालाच हे लागू. नोकरी डॉट कॉमवर आपली सध्याची कंपनी ब्लॉक करता येते, ते प्रोफाइल अपडेट करण्याआधी करायचं, नंतर नाही.

कपड्यांचं बघा. रोज कुर्ता आणि चप्पल घालणारी बाई एका मंगळवारी इस्त्रीची कॉटन साडी नेसून आली आणि दुपारी हाफ डे टाकून गेली, तर तोंडानं काही सांगायची गरजच उरत नाही. एक तर पूर्ण दिवस सुट्टी घ्या, नाहीतर महिनाभर आधीपासून अधूनमधून नीटनेटकं यायला लागा. हाफ डेच्या मी एकूणच विरोधात आहे. अकराचा इंटरव्ह्यू अकराला सुरू होत नाही; एक्सेलची टेस्ट, मग “डायरेक्टर सर मीटिंगमध्ये आहेत, दहा मिनिटं”, आणि त्या दहा मिनिटांचा दीड तास होतो. आधीच फोनवर विचारा, किती फेऱ्या आणि कोण कोण भेटणार, आणि त्याच दिवशी सगळं आटोपता येईल का. सकाळी नऊची, संध्याकाळी सहानंतरची किंवा शनिवारची वेळ मागायला लाजू नका. रविवार मिळाला तर आधी लोकलचा मेगाब्लॉक बघा.

“आज तीनला येऊ शकाल का?” असा फोन सकाळी अकराला आला तर मी नाही म्हणते. मनात असतं, उद्या तुमच्याकडे असताना मी अशी तीनला उठून गेले तर चालेल का? तोंडावर बोलते ते इतकंच की शुक्रवारी जमेल.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी विचारलं, “झालं का काम?” तर “झालं एकदाचं” म्हणायचं आणि पीएफचं चलन उघडायचं.

शेवटचं नोटीसबद्दल, कारण इथे बरेच जण फसतात. राजीनामा दिल्यावर सहसा सुट्टी मिळत नाही, किंवा घेतलीच तर तेवढे दिवस नोटीस पुढे ढकलतात. माझ्या दोन सी.एल. गेल्या वेळी अशाच बुडाल्या. तेव्हा नव्या कंपनीची मेडिकल, कागदपत्रांची पडताळणी, बँकेत नवं खातं, जे काही उरलं असेल ते ऑफर हातात आल्यावर पण राजीनाम्याचं पत्र द्यायच्या आधी उरकून घ्या. मुलाच्या आधारची पावतीही तेवढ्यात घेऊन या, ती माझी अजून तिकडेच आहे.