महाविद्यालयात मोकळी चर्चा रुजवताना

सोलापूरच्या महाविद्यालयांत वक्तृत्व स्पर्धांना तोटा नाही. परंतु पाठ केलेले भाषण आणि करंडक यांमुळे विद्यार्थी बोलायला शिकतो, ऐकायला शिकतोच असे नाही. म्हणून चर्चामंडळ सुरू करणाऱ्या प्राध्यापकांनी परीक्षक आणि पारितोषिक या दोन्हींना आधी रजा द्यावी.

विषय असा निवडावा की, ज्याची झळ वर्गातील कोणाच्या तरी घरापर्यंत पोहोचते. ‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर आजवर कोणाचे मत बदलल्याचे ऐकिवात नाही. त्याऐवजी सरकारने विडीवर बंदी घालावी का, हे विचारावे. सोलापुरात हजारो स्त्रिया विड्या वळतात, त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते आणि त्यांची मुले आपल्याच वर्गात बसतात. सज्ञान माणसाने स्वतःच्या प्रकृतीचे नुकसान करून घ्यायचे ठरवले, तर सरकारने त्याला कितपत अडवावे, हा उदारमतवादाच्या गाभ्याचा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही.

चर्चेची रीत मात्र जुनीच घ्यावी. आपल्याकडील शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, आधी मांडत आणि मगच त्याचे खंडन करीत. वर्गातही प्रत्येकाने समोरच्याचे म्हणणे आधी मांडावे आणि समोरच्याने ‘होय, हेच मला म्हणायचे आहे’ अशी कबुली दिल्यावरच स्वतःचा मुद्दा सुरू करावा. समजा, बंदीच्या बाजूचा विद्यार्थी म्हणाला, ‘हिचे म्हणणे असे की, कामगारांना आधी दुसरे काम द्या.’ त्यावर विडी कामगाराची मुलगी म्हणेल, ‘नाही. पोरंबाळं सांभाळून घरबसल्या करता येईल असं दुसरं काम कोणतं, हे माझी आई विचारते आहे.’ मग त्याने तो मुद्दा पुन्हा, नीट मांडावा. यात तासाचा निम्मा वेळ गेला तरी जाऊ द्यावा.

घरी तेलुगू, कन्नड किंवा दख्खनी बोलणारी कित्येक मुले प्रमाण मराठीच्या धाकाने गप्प बसतात. त्यांना जमेल त्या भाषेत बोलू द्यावे. अर्थ सांगायला शेजारी कोणी ना कोणी असतोच. उच्चारांना हसणाऱ्याला मात्र तेथेच थांबवावे. प्राध्यापकांनी आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवणे बरे, कारण अंतर्गत गुण ज्यांच्या हाती असतात, त्यांच्याशी मुले फार लवकर सहमत होतात.

मर्यादांचा वाद निघणारच. त्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील भाषणस्वातंत्र्याचे कलम आणि त्यावरील वाजवी निर्बंध पहिल्याच बैठकीत मोठ्याने वाचावेत. अब्रुनुकसानी आणि गुन्ह्यास चिथावणी ही कारणे तेथे आढळतात. नुसत्या भावना दुखावणे हे स्वतंत्र कारण आढळत नाही, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्यावे.

शेवटी हात वर करून मतदान घेऊ नये, कारण त्यात मित्रांच्या हाताकडे पाहून हात वर होतात. कोणत्या मुद्द्याने आपले मत डळमळले, एवढेच प्रत्येकाकडून निनावी चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि पुढच्या बैठकीचा विषय त्या चिठ्ठ्यांतूनच काढावा.